पाट्या बदलल्या तेव्हा

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा एका ओळीचा आहे. फ्रीनोडवर प्रत्येक चॅनेलच्या माथ्यावर विषयाची एक ओळ असे, खोलीच्या दारावर पाटी असावी तशी. मे २०२१ मध्ये चॅनेलांमागून चॅनेलांच्या पाट्या बदलू लागल्या. मजकुराचा अर्थ एकच: आम्ही लिबेरावर गेलो, तिकडे या. कोण कुठे गेले, हे या ओळींवरून कळते. का गेले, यासाठी मात्र मागचे कागद चाळावे लागतात.

फ्रीनोड हे आयआरसीचे एक जाळे. आयआरसी ही लेखी गप्पांची जुनी पद्धत, १९८८ साली फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी काढलेली. लिनक्सच्या नवशिक्यांना मदत करणाऱ्या एका चॅनेलातून रॉब लेविन यांनी १९९८ मध्ये स्वतंत्र जाळे उभे केले. २००२ मध्ये त्याचे फ्रीनोड झाले. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा तो पार होता. उबुंटूवाले तिथे, विकिपीडियाचे संपादकही तिथेच. २००६ मध्ये सायकलवरून जाताना गाडीची धडक बसून लेविन गेले, तरी पार मोडला नाही. सर्व्हर इतरांनी वापरायला दिलेले, राबणारी माणसे बिनपगारी. पाठीशी असलेली ना-नफा संस्था २०१३ मध्ये गुंडाळली गेली, तेव्हाही गप्पांत खंड पडला नाही.

मग २०१७ साली विकले गेले ते नेमके काय? विकली गेली फ्रीनोड लिमिटेड, ब्रिटनमध्ये नोंदलेली कंपनी. तत्कालीन प्रमुख क्रिस्टेल डाल्स्क्येर यांच्याकडून ती उद्योजक अँड्र्यू ली यांच्याकडे गेली. इथून साधनांना दोन फाटे फुटतात. ली यांच्या निवेदनानुसार त्यांनी जाळेच घेतले आणि त्यावर खर्चही केला. स्वयंसेवकांची पत्रे सांगतात की कंपनी ‘फ्रीनोड लाइव्ह’ या परिषदेपुरती आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते आणि व्यवहाराच्या अटी त्यांना दाखवल्याच नव्हत्या. दोन्ही बाजूंचे लेखन भांडण पेटल्यानंतरचे आहे, म्हणून एकट्या कोणावर भिस्त ठेवता येत नाही. पण एका मुद्द्यावर दोघे जुळतात: मधल्या वर्षांत ली यांनी रोजच्या कारभारात हात घातला नव्हता. विरोधकांच्या जबान्या जुळतात ती जागा मला सर्वांत भरवशाची वाटते. गावच्या भाषेत सांगायचे तर सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, असा हा मामला.

वहिवाटदारांना सातबाऱ्याची आठवण २०२१ च्या सुरुवातीला झाली. ली यांच्याशी संबंधित एका कंपनीचे चिन्ह संकेतस्थळावर दिसू लागले, मार्चमध्ये डाल्स्क्येर यांनी पद सोडले आणि जाळ्याच्या किल्ल्या कोणाकडे यावर ओढाताण सुरू झाली. १९ मे रोजी स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. प्रत्येकाने आपले पत्र वेगळे लिहिले, हे अभ्यासकाच्या पथ्यावर पडले. कुणाचा सूर संतापाचा, कुणाचा थकलेला, पण घटनाक्रम साधारण सारखा. ली यांच्या लेखी सत्ता बळकावू पाहणारे स्वयंसेवकच होते.

त्याच दिवशी राजीनामे देणाऱ्यांनी लिबेरा चॅट सुरू केले. आणि पाट्या बदलू लागल्या.

२६ मेला फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने ७०० हून अधिक चॅनेलांचा ताबा घेतला. निवड कशी केली, ते पाहण्यासारखे आहे: पाटीवर लिबेराचे नाव दिसले की चॅनेल घ्यायचे. हे काम यंत्राने झाले. बोलणारे अजून खोलीत असतानाही पाट्या पुसल्या गेल्या. जे तोवर तळ्यात-मळ्यात होते, त्यांच्यापैकी कित्येकांनी यानंतर गाशा गुंडाळला.

जूनच्या मध्याला फ्रीनोडने नवे सॉफ्टवेअर चढवले, जुन्या नोंदण्या पुढे नेल्या नाहीत. ज्यांनी वीस वर्षे एकच टोपणनाव वापरले, त्यांची नावेही त्यासरशी गेली.

लिबेराची नोंदणी स्वीडनमध्ये आहे, ना-नफा संघटना म्हणून. सभासद तेच, सर्व्हर सांभाळणारे स्वयंसेवक.