बंद शाळा आणि नाशिकचे पालक

करोनामुळे मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळांना टाळे लागले. २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवण्यास राज्याने मुभा दिली, पण निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला. नाशिकने तो ४ जानेवारी २०२१ पर्यंत लांबवला. मुलाला पाठवायचे तर पालकांचे लेखी संमतीपत्र सक्तीचे होते. प्रशासनाला न सुटलेला प्रश्न असा एका सहीवर येऊन ठेपला. घरात आजी-आजोबा असले की सही अडे. आईवडील दोघेही कामावर जाणारे असले की मुलाला एकटे ठेवण्याचा घोर लागे. ऑनलाइन तासांना नावे ठेवणारे पालकच वर्गात पाठवायला कचरत. पूर्ण शुल्क का भरायचे, हा वाद वेगळाच. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने १५ टक्के कपातीचा आदेश काढला.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ तालुक्यांच्या डोंगराळ पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळणेच मुश्कील. घरात फोन असलाच तर तो मजुरीला गेलेल्या बापाच्या खिशात. तिथे आश्रमशाळा बंद म्हणजे मुलांचे वसतिगृहातले जेवणही बंद.

दुसऱ्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या; ४ ऑक्टोबर २०२१ पासून शहरांत आठवीपासूनचे, ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरू लागले. ओमायक्रॉनने जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा थांबवले. २४ जानेवारीपासून राज्याने परत परवानगी दिली, संमतीपत्राची अट कायम ठेवून.