किल्ली, चावी आणि पडदा : धाराशिवकडील मोटारचालकांच्या बोलीतील एक स्थित्यंतर

मोटारीची किल्ली आता हळूहळू दृष्टीआड होत आहे. नव्या गाड्यांत ती चालकाच्या खिशातच राहते. काही गाड्यांत तिची जागा फोनने घेतली आहे, आणि समोरच्या खटक्यांच्या ठिकाणी काचेचा पडदा आला आहे. ह्या बदलाविषयी चालकांच्या मनात कौतुक आणि अविश्वास ह्या दोन्ही भावना एकत्र नांदताना दिसतात. हा अविश्वास केवळ जुन्याचा हट्ट आहे, की त्यास काही आधार आहे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

प्रथम शब्द पाहू. ‘किल्ली’चा संबंध संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी वा खिळा ह्या शब्दाशी जोडतात. ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. ‘कुलूप’ हे अरबी ‘कुफ्ल’चे वर्णविपर्ययाने झालेले रूप आहे. नळदुर्ग व परांडा येथील ‘किल्ला’ मात्र अरबी ‘कलआ’पासून आलेला असून किल्लीशी त्याचे नाते केवळ नादापुरते आहे. तरीही किल्ल्याच्या किल्ल्या स्वाधीन करणे म्हणजे सत्ता स्वाधीन करणे, हा अर्थ आपल्या भाषेत खोल रुजलेला आहे. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सासूने सुनेच्या हाती दिला, की घराचा कारभार बदलला असे समजत.

हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या रेल्वे व रस्ता वाहतूक खात्याने जून १९३२ मध्ये २७ मोटारगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतरच्या काळात येथील चालकांच्या बोलीत इंग्रजी शब्द मराठी क्रियापदांचा हात धरून वावरू लागले. ‘हँडल मारणे’, ‘सेल मारणे’, ‘चावी फिरवणे’, ‘बटण दाबणे’ ह्या प्रयोगांची मालिका पाहावी. ‘सेल’ हे ‘सेल्फ स्टार्टर’चे तोकडे रूप होय. चार्ल्स केटरिंग ह्याचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. पण आपल्याकडे अँबॅसिडर व जीप ह्या गाड्यांसोबत हँडल पुढेही दीर्घकाळ राहिले. मारणे, फिरवणे, दाबणे आणि आता नुसता स्पर्श करणे, ह्या क्रमाने शरीराचे श्रम घटत गेल्याचे ही क्रियापदेच सांगतात.

परंतु हा क्रम वाटतो तितका सरळ नाही. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची रीत क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली. त्यापूर्वी बहुतेक गाड्यांत किल्लीने केवळ वीजमंडल जोडले जाई, आणि इंजिनासाठी निराळे बटण वा पायखटका असे. म्हणजे आजचे ‘नवे’ बटण हे एका अर्थी जुन्याचेच पुनरागमन होय. पडद्याचीही कथा अशीच आहे. ब्यूइक रिव्हिएरा ह्या गाडीत स्पर्शाचा पडदा १९८६ मध्येच बसवला होता. १९९० च्या नमुन्यातून तो काढण्यात आला.

चालकांची तक्रारही नीट समजून घेतली पाहिजे. मागचा रस्ता दाखवणारा कॅमेरा आणि नकाशा त्यांस हवेच आहेत. परंतु खटका बोटांस न पाहता सापडतो, आणि पडद्याकडे डोळे वळवावेच लागतात. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा ह्या मार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर हा फरक क्षुल्लक नव्हे. २०२२ साली एका स्वीडिश नियतकालिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात चाचणी घेतली. ठरावीक कामे उरकण्यास २००५ च्या खटक्यांच्या व्होल्व्हो गाडीत १० सेकंद लागले, तर पडद्याच्या एका नव्या गाडीत सुमारे ४५. युरोपातील ‘एनकॅप’ संस्थेनेही २०२६ पासूनच्या गुणांकनात दिशादर्शक दिवे, भोंगा, वायपर इत्यादींसाठी प्रत्यक्ष खटक्यांचा आग्रह धरला आहे.

किल्लीचा प्रश्न मात्र सुरक्षिततेपुरता नाही. दसऱ्यास गाडीची पूजा होते. नवी गाडी घेऊन लोक तुळजापुरास जातात आणि किल्ली देवीच्या चरणी ठेवतात. तेथे ठेवावयाची वस्तूच नाहीशी झाली तर काय ठेवावे? त्याहून गंभीर गोष्ट पगारी चालकाची आहे. मालकाने ‘किल्ली हाती दिली’ म्हणजे विश्वास टाकला. संध्याकाळी चालक ती परत करी, आणि हा व्यवहार समोरासमोर होई. फोनमधील किल्ली मालक दुरूनच देतो आणि दुरूनच काढून घेऊ शकतो. चालकाच्या हाती राहते ती केवळ परवानगी.

तात्पर्य, ह्या अविश्वासास अज्ञान म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. पडद्याविषयीच्या तक्रारीस मोजमापाचा आधार आहे, किल्लीविषयीच्या हुरहुरीस भाषेचा. ‘गुरुकिल्ली’ हा शब्द किल्ली गेल्यावरही राहील. चालकाच्या हाती टाकलेला विश्वास मात्र शब्दात उरून भागणार नाही.