साचा आणि आखणी

शाळेबाहेरून शिकवणारा आवाज आपल्याला नवा नाही. आकाशवाणीवर शालेय पाठ झाले, १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी आली. २०१७ साली केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड टिपला, की त्याच धड्याचे साहित्य मोबाईलवर फुकट उघडू लागले.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद पडल्या आणि मोबाईलच फळा झाला. त्यातच ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्यावर आदळले. रोह्याकडे खांब पडले, वीज गेली. अशा वेळी आधी उतरवून ठेवलेला धडाच कामी येतो, तोही चार्जिंग असेतो. पुढे छापील पुस्तकच.

म्हणून अ‍ॅप निवडताना तीन गोष्टी पाहा. नेटशिवाय चालते का? आपल्या मुलाच्या पाठ्यपुस्तकाला धरून आहे का? मध्येच पैसे मागते का?

आणि एकदा पेणच्या गणपती कारखान्यात जाऊन या. साच्यातून एकसारख्या मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी कारागीर हातानेच करतो. चांगल्यात चांगले अ‍ॅप हा साचाच. “आज काय समजलं, बाळा?” असे शेजारी बसून विचारणारे माणूस घरात हवेच.