शिंगदंती मासा : सेराटोडसच्या दातांची कथा

१/ इ.स. १८३० च्या दशकात स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी यांच्यासमोर इंग्लंडमधील खडकांतून मिळालेले काही विलक्षण दात होते. पंख्यासारखे पसरट, कडेला शिंगांसारखे उंचवटे. त्या अज्ञात प्राण्याला त्यांनी नाव दिले ‘सेराटोडस’, म्हणजेच ‘शिंगदंती’. हे दात शार्कसदृश माशाचे असावेत, असा त्यांचा कयास होता.

२/ कयास चुकण्यास सबळ कारण होते. या माशाचा सांगाडा बराचसा कूर्चेचा. तो काळाच्या ओघात विरून जातो. मागे उरतात ते कठीण दात. केवळ त्यांवरूनच माशाचे कूळ ठरवायचे होते.

३/ असेच दात भारतातही सापडले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर मध्य भारतातील जीवाश्मांचा शोध घेत असत. नागपूरच्या दक्षिणेस, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मालेरी (आज तेलंगणात) येथील दातांचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील दोन जातींना या दोघांची नावे लाभली : सेराटोडस हिस्लॉपियानस आणि सेराटोडस हंटेरियानस.

४/ तिकडे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या बर्नेट नदीकाठचे वसाहतकार एक मोठा मासा ‘बर्नेट सॅल्मन’ म्हणून खात होते. मूळ रहिवाशांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. राजकारणी विल्यम फॉर्स्टर यांनी त्याच्या कूर्चेच्या कण्याविषयी सांगितले, तेव्हा सिडनीच्या संग्रहालयाचे जेरार्ड क्रेफ्ट यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

५/ १८७० मध्ये मासा प्रत्यक्ष हाती आला. क्रेफ्ट यांनी जबडा पाहिला. आत अगासींनी वर्णिलेल्या दातांसारखेच दात होते! फॉर्स्टर यांचेच म्हणणे खरे होते, हे क्रेफ्ट यांनी वृत्तपत्रातून मान्य केले आणि माशाला नाव दिले सेराटोडस फॉर्स्टेरी.

६/ कोडे उलगडले. दात शार्कचे नव्हतेच. ते हवेतही श्वास घेऊ शकणाऱ्या फुप्फुसमीनाचे होते. पुढे जिवंत मासा ‘निओसेराटोडस’ या वेगळ्या प्रजातीत गेला. सेराटोडस ही प्रजाती मात्र नामशेषच आहे. म्हणून ‘सेराटोडस आजही जिवंत आहे’ हे विधान अचूक नाही. जिवंत आहे तो त्याचा नातलग.

७/ हिस्लॉप यांना हे कधीच कळले नाही. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्यात बुडून मरण पावले. मालेरीच्या दातांचा धनी कोणत्या कुळातला, याचे उत्तर त्यानंतर सात वर्षांनी मिळाले. तेही समुद्रापार, लोकांच्या ताटात रोज वाढल्या जाणाऱ्या माशाकडून.