कुवेतहून आलेला मुलगा

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले, तेव्हा आमच्या न्हावा शेव्याचं बंदर सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या नात्यागोत्यातली माणसं आखातात होती. ती एकेक करून परतली. काही तर हातातल्या पिशवीनिशी. त्याच युद्धाच्या धामधुमीत कुवेतमध्ये जन्मलेला एक पोरगाही मुंबईत आला. त्याचं नाव खालिद जमील.

पुढे मोऱ्याच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मी कूपरेजवर सामने पाहायला जायचो. खालिद मधल्या फळीत खेळायचा. महिंद्रकडून, एअर इंडियाकडून, भारताकडूनही. मात्र दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. (इथून पुढे त्यांना 'अहो' म्हणायला हवं!)

या मुंबई एफसीकडे पैसा बेताचा. कूपरेजचं काम चाललं होतं तेव्हा तर 'घरचे' सामने पुण्याला, बालेवाडीत. तरीही सात वर्षं जमील यांनी हा संघ आय-लीगमधून खाली घसरू दिला नाही. कंटाळवाणा, बचावाचा खेळ, अशी टीका व्हायची. मीही केली आहे. पण फाटकं घर शाकारून पावसाळा काढणाऱ्याला रंगरंगोटीबद्दल कोण विचारतं?

२०१६ साली क्लबशी त्यांचा संबंध संपला आणि ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्याच हंगामात खाली घसरून बाहेर पडला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील यांनी मुंबईतले जुने शिलेदार जयेश राणे आणि आशुतोष मेहता सोबत नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि आयझॉल विजेता ठरला. ३७ गुण, बलाढ्य मोहन बागानचे ३६. ईशान्येकडे पहिल्यांदाच हे विजेतेपद गेलं. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर गेली आणि नंतर बंदच पडली.

अथेन्समध्ये जन्मलेले आंगे पोस्टेकोग्लू असेच पाच वर्षांचे असताना घरच्यांबरोबर ऑस्ट्रेलियात गेले. गुडघ्याच्या दुखापतीने सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा खेळ थांबला. मग प्रशिक्षक होऊन २०१५ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाला आशिया चषक मिळवून दिला. जमील यांच्या हाती भारताचा संघ आला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आलं होतं. मधल्या काळात नॉर्थईस्ट युनायटेडवर त्यांची पूर्णवेळ नेमणूक झाली, तीही आयएसएलमध्ये भारतीयाला मिळालेली पहिलीच.

सुरुवात झकास झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानात हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक पटकावला. मग १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली.

तो सामना मी शेजारच्या चाचांबरोबर पाहिला. चाचा नव्वद साली कुवेतहून रिकाम्या हाताने परतलेले. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. सामना संपल्यावर पडद्यावर जमील दिसले, मान खाली घातलेले. चाचा म्हणाले, "हा कुवेतवाला ना? मग पुन्हा करील सुरुवात. चहा टाक."