स्विस आल्प्समधील हिमस्खलन : गावाचे भय आणि स्कीपटूचे भय

स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनाचा इतिहास बहुधा संरक्षणाच्या यशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही. मात्र तो गावाच्या बाजूने सांगितलेला आहे. आखीव उतार सोडून निर्मनुष्य डोंगरात शिरणाऱ्या स्कीपटूच्या बाजूने पाहता निराळे चित्र दिसते.

अँडरमाट गावाच्या माथ्यावरील जंगल तोडण्यास मनाई करणारा लेख इ.स. १३९७ मधील आहे. झाडे बर्फ धरून ठेवतात, हे गावकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. १८८१ मध्ये वनाधिकारी योहान कोआझ यांनी स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि तोवर लक्ष होते ते प्रामुख्याने खाली येणाऱ्या लोंढ्यावर. साचलेल्या बर्फाच्या आत काय घडते, याचा पद्धतशीर शोध बाकी होता.

१९३१ मध्ये त्यासाठी आयोग नेमण्यात आला. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून दाव्होसजवळ वाइसफ्लूयोख येथे, सुमारे २,६६० मीटर उंचीवर, हेन्री बाडर, रॉबर्ट हेफेली व त्यांचे सहकारी बर्फाचे थर उकरून तपासू लागले. त्यांचे निष्कर्ष १९३९ मध्ये ग्रंथरूपाने आले. बर्फ पडल्यानंतरही त्याचे कण सतत बदलत असतात, हे त्यांनी दाखविले. हिवाळ्याच्या आरंभी थर पातळ असेल, तर तळाशी जमिनीची ऊब आणि पृष्ठभागावर कडाक्याची थंडी यांत मोठी तफावत पडते. बाष्प वर सरकते व साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात. पुढे त्यांवर घट्ट थर साचला, की एका माणसाच्या भारानेही खालचा कमकुवत थर मोडतो आणि साधारणतः तीस अंशांहून तीव्र उतारावरील अख्खा पट्टा घसरतो. म्हणजे ज्या वर्षी बर्फ कमी असतो व गाव निश्चिंत असते, त्याच वर्षी स्कीपटूचा धोका वाढू शकतो.

१९५०–५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ जण दगावले. तेथे संकट अतिवृष्टीसारख्या अतिहिमवर्षावाचे होते. त्यानंतर उतारांवर अडथळे उभारण्यात आले व धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे आखण्यात आले. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा प्रचंड हिमवर्षाव झाला, तेव्हा मृतांची संख्या १७ होती. ही घट उल्लेखनीयच आहे.

आता बहुतेक बळी गावाबाहेरचे असतात, आणि बहुतेकदा स्खलन त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या भाराने सुटलेले असते. त्यांच्या वाटेवर भिंत घालता येत नाही; हाती असते ते केवळ अनुमानपत्र. १९९३ पासून युरोपात धोक्याच्या पाच श्रेणींचे सामाईक माप वापरले जाते. ते संपूर्ण प्रदेशासाठी असते, एखाद्या उतारासाठी नव्हे. स्कीपटूंचे सर्वाधिक मृत्यू पाचव्या श्रेणीत होत नाहीत. त्या वेळी डोंगरात फारसे कोणी जातच नाही. ते होतात तिसऱ्या श्रेणीत, जी आकड्याने मध्यम भासते.