सोयाबीन : तांबेरा-प्रतिकारक वाणांची पैदास

सोयाबीनच्या पानांवर तांबेरा आणणाऱ्या फॅकोप्सोरा पॅकिऱ्हायझी या बुरशीला तोंड देणारी जनुके शोधून ती भरघोस पिकणाऱ्या वाणांत उतरवण्याचे संशोधन. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुळ्या येतात, त्या फुटून भुकटीसारखे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, पाने अकाली गळतात आणि दाणा बारीक राहतो. रोग लवकर आला आणि हवा दमट राहिली, तर उत्पादन 80 टक्क्यांपर्यंत घटते.

हा रोग प्रथम जपानमध्ये 1902 मध्ये नोंदवला गेला. पुढे तो आशियाभर पसरला, 1990 च्या दशकात आफ्रिकेत, 2001 मध्ये पॅराग्वे व ब्राझीलमध्ये आणि 2004 मध्ये अमेरिकेत पोचला. भारतात त्याची नोंद 1951 ची असली, तरी महाराष्ट्र, कर्नाटक व मध्य प्रदेशात त्याची मोठी साथ आली ती 1994 मध्ये.

ही बुरशी जिवंत पानावरच वाढते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमावर तिची जोपासना करता येत नाही. बहुतेक तांबेरे पर्णरंध्रातून आत शिरतात. ही मात्र पानाची त्वचा थेट भेदते. शिवाय ती दीडशेहून अधिक शेंगावर्गीय वनस्पतींवर जगते. शेतात सोयाबीन नसले तरी तिचे फारसे अडत नाही.

प्रतिकार किती आहे हे पानावरच्या डागांवरून ओळखतात. रोगाला बळी पडणाऱ्या झाडावर फिकट तपकिरी डाग येतात आणि त्यांतून मुबलक बीजाणू निघतात. प्रतिकारक झाडावर लालसर तपकिरी, आटोक्यातले डाग दिसतात व बीजाणू थोडेच तयार होतात. काही वाणांवर डागच उठत नाहीत. आरपीपी-1 ते आरपीपी-7 ही प्रतिकार-जनुके याच तपासणीतून हाती आली. आरपीपी-1 ‘कोमाता’ या वाणात, आरपीपी-4 ‘बिंग नान’मध्ये, तर आरपीपी-3 ‘अंकुर’ या भारतीय वाणात आढळले.

परंतु एकट्या जनुकाच्या भरवशावर राहता येत नाही, हे ब्राझीलमध्ये लवकरच दिसून आले. रोग आल्यापासून दोन-तीन वर्षांतच आरपीपी-1 आणि आरपीपी-3 यांचा तिथला प्रभाव ओसरला. बुरशीचे नमुने प्रदेशागणिक वेगळे असतात. एका देशात रोग थोपवणारा वाण दुसरीकडे सपशेल बळी पडतो. म्हणून ‘तांबेरा-प्रतिकारक’ हे विशेषण ठिकाण आणि काळ यांच्यासह वाचावे. यावरचा उपाय म्हणजे दोन-तीन जनुके एकाच वाणात एकत्र आणणे. जपानी संशोधकांनी आरपीपी-2, 4 आणि 5 एकत्र आणलेल्या पैदास-ओळीत बुरशीची वाढ एकेका जनुकापेक्षा कितीतरी जास्त दबली. कोणत्या रोपात कोणती जनुके आली, हे नुसत्या डागांवरून सांगता येत नाही. त्यासाठी डीएनए-चिन्हकांचा आधार घ्यावा लागतो.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरचा कृष्णाकाठ हे या कामाचे भारतातले खरे मैदान. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव भागात पावसाळी हवा लांबते आणि बिगरहंगामी सोयाबीनवर बुरशी तग धरते, त्यामुळे खरिपात रोग जवळपास ठरलेलाच. शेतकऱ्याला हे संकट, पैदासकाराला मात्र फुकटची चाचणी. बेळगाव जिल्ह्यातल्या उगार खुर्द इथे नव्या ओळींच्या शेजारी रोगाला बळी पडणारा वाण मुद्दाम पेरतात आणि 0 ते 9 या मापनाने गुण देतात. असा बळी पडणारा वाण म्हणजे बहुधा जेएस 335. एके काळी मध्य भारतात तोच सर्वाधिक पसरला होता, म्हणून उत्पादनासाठी त्याला संकरात घ्यायचे आणि प्रतिकारासाठी बाहेरून आणलेल्या जननद्रव्याचा आधार घ्यायचा, अशी रीत पडली. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी 21 हा जेएस 335 आणि बाहेरून आणलेला ईसी 241778 यांच्या संकरातून आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रातून फुले अग्रणी, फुले संगम आणि फुले किमया हे वाण आले. त्यांच्या ‘केडीएस’ या खुणेत गावाचे नाव आहे.

संकराचे काम किचकट. सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच स्वपरागित होते. त्यामुळे चिमुकली कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढावे लागतात, आणि एवढे करून शेंगेत दोन-तीनच दाणे मिळतात.

सोयाबीनच्या नात्यातले जंगली बहुवर्षायू ग्लायसिन जातीही प्रतिकारक आहेत, पण त्यांच्याशी सरळ संकर जुळत नाही. 2016 मध्ये तुरीतले सीसीआरपीपी-1 हे जनुक जनुकतंत्राने सोयाबीनमध्ये घालण्यात आले आणि रोपे रोगाला पुरून उरली. महाराष्ट्रात याच तुरीचे आंतरपीक सोयाबीनमध्ये शेतोशेत असते. भारतात जनुक-परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. डिग्रज-धारवाडचे काम संकर आणि निवड याच मार्गाने चालले आहे.